नागपुरात उघडी गाडी: छत कापडाचं घ्यावं की धातूचं?

दातांचा डॉक्टर, धरमपेठ

नमस्कार मंडळी. वय ५३, धरमपेठेत दवाखाना. २७ वर्षं लोकांना "तोंड उघडा" म्हणतो आहे, आता स्वतःसाठी एक उघडी गाडी घ्यायची इच्छा झाली आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

हे खूळ आजचं नाही. १९९८ साली गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी गाडी बनायला लागली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरच्या आसपासचं इंजिन. लग्नानंतर पहिल्यांदा गोव्याला गेलो तेव्हा एक लाल स्टॉर्म आमच्या भाड्याच्या स्कूटरला ओलांडून गेली. ताकद काही फार नव्हती, आवाज तर शिलाई मशीनचा होता, पण चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मी अजून विसरलो नाही. तेव्हा खिशात परतीचं तिकीट आणि चारशे रुपये होते.

आता मुलगी शिकून मार्गी लागली आहे, दवाखान्याचं कर्ज फिटलं आहे. नवीन घेण्याची ऐपतही नाही आणि हिंमतही नाही. जुन्यातल्या दोन गाड्या डोक्यात बसल्या आहेत.

पहिली, मुंबईतली बीएमडब्ल्यू झेड-४, २०१३ ची, धातूचं घडीचं छत असलेली. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०६ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क). शून्य ते शंभर ५.१ सेकंद. मागणी २७ लाख.

दुसरी, पुण्यातली ऑडी ए-३ कॅब्रिओले, २०१५ ची, कापडी छत. १.८ लिटर, १८० अश्वशक्ती, पुढची चाकं ओढणारी, चार सीट. मागणी १९ लाख.

झेड-४ मी ईस्टर्न फ्रीवेवर सकाळी सात वाजता चालवून पाहिली. दार उघडून बसलो आणि पहिलं काय जाणवलं सांगू? माझ्या खुर्चीत पेशंट जसा बसतो तसा मी बसलो होतो. पाय लांब, ढुंगण जमिनीला टेकेल इतकं खाली, आणि सुटका नाही ही जाणीव. समोर बॉनेट इतकं लांब की त्याचं टोक पुढच्या गल्लीत पोहोचलंय असं वाटावं. आपण जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेलो असतो, त्यामुळे वळताना गाडी आपल्याभोवती फिरते. नेहमीच्या गाडीत आपण गाडीबरोबर फिरतो, हे त्याच्या उलट. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज आधी तळातून घुमतो, मग वर चढतो. छत उघडलेलं असल्यामुळे तो भिंतीवरून परत येऊन पुन्हा कानात शिरतो. दोन किलोमीटरमध्ये मला माझा रक्तदाब कळला.

ए-३ फोटोतच पाहिली आहे.

आता खरा प्रश्न. आपलं गाव नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत, ते आपण सगळ्यांनी सोसलंय. अशा गावात कापडाचं छत टिकतं का? की धातूचंच घ्यावं? गल्लीतले सिमेंट रोडचे उंचवटे, पावसाळा, पार्किंग, सगळं आलं त्यात. घरून आलेला युक्तिवाद असा: "उन्हाळ्यात ऊन म्हणून छत लावायचं, पावसाळ्यात पाऊस म्हणून लावायचं. मग उघडणारं छत हवंय कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनुभव असलेल्यांनीच सांगा.

तर्री जास्त टाका

डॉक्टर, मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात छत उघडून सिग्नलला थांबा. पैसे देऊन तंदुरी होणारा पहिला माणूस म्हणून पेपरात फोटो येईल.

थार घ्या. तिलाही कापडी छताचं मॉडेल आलं होतं. खड्डा आला तर खड्डा घाबरतो. आणि उरलेल्या पैशात आम्हाला सावजी खाऊ घाला.

सिव्हिल लाईन्सची सीए

वरच्या भाऊंकडे लक्ष देऊ नका. मी गेली काही वर्षं नागपुरात मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल चालवते. १९२ अश्वशक्ती, २८० न्यूटन मीटर, कापडी छत, १८ सेकंदांत उघडतं आणि ताशी ३० पर्यंत गाडी चालू असतानाही उघडतं. तुमच्या यादीत ती नाही, पण उन्हाचा हिशोब तोच.

मी नागपूरची मुलगी आहे. बाराव्या वर्गापासून स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातात सनकोट घालून फिरले. आम्हाला उघड्या गाडीचं काय भ्या दाखवता? मिनी घेतली त्या दिवशी माझी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे एवढे लाख भरून तू परत स्कूटीवरच आलीस." खरं आहे ते.

वेळापत्रक सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते नऊ. हाच तुमचा खरा हंगाम. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश होते हेही लक्षात ठेवा, आपलं गाव फक्त भट्टी नाही. थंडीत काचा वर, हीटर पायांवर, डोक्यावर टोपी आणि छत उघडं. रजईत झोपून तोंड बाहेर काढल्यावर जसं वाटतं, अगदी तसं. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावर. एप्रिल ते पहिला पाऊस, विसरून जा. पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ मात्र सोडू नका. सेमिनरी हिल्सच्या उतारावर ओल्या पानांचा वास, फुटाळा तलावाकडे उतरलं की भाजलेल्या भुट्ट्याचा, आणि हंगामात कॉटन मार्केटवरून गेलात तर संत्र्यांचा. बंद गाडीत हे गाव इतकं वासाचं आहे हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.

वर्षाचे किती दिवस? मी डायरीत लिहिते, सवयच आहे. गेल्या वर्षी छत पूर्ण उघडून ६४ दिवस. घरच्यांना हा आकडा सांगू नका.

माझ्या छताची एक खुबी सगळ्यात जास्त वापरली जाते. पूर्ण न उघडता पुढचा ४० सेंटीमीटर भाग सरकवता येतो, सनरूफसारखा. कोर्टाच्या रस्त्यावर तेवढं पुरतं, आणि सिग्नलला लोक आत डोकावत नाहीत. पूर्ण उघडलं की मात्र गाडी सार्वजनिक मालमत्ता होते. शंकर नगर चौकात एका ऑटोवाल्याने मनापासून काळजीने विचारलं होतं, "मॅडम, छत चोरी गेलं का?"

वाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगते. वेगात वारा समोरून येत नाही, मागून येतो. समोरच्या काचेवरून गेलेली हवा मागे खाली वळते आणि मानेवर आदळते. सीटमागे जाळी लावायची मिळते, ती लावा. नाहीतर रामटेकला पोहोचेपर्यंत मान आखडते. मर्सिडीजने यासाठी २००४ मध्ये एसएलके या आपल्या दोन सीटच्या उघड्या गाडीच्या सीटमध्ये मानेवर गरम हवा सोडणारी सोयच दिली होती.

आणि झेड-४ चं म्हणाल तर तुमच्या पिढीच्या त्या गाडीचं बाहेरचं डिझाइन युलियाने ब्लासी आणि आतलं नादिया अर्नाऊत या दोघींचं आहे. बाजूने जाणारी ती एक रेघ पाहा. पुढच्या चाकामागून निघते, दारावरून जाते आणि मागच्या कुल्ल्यावर विरते. छत उघडं असताना ती पूर्ण दिसते, बंद असताना अर्धी. माझा कल तुम्हाला कळला असेलच.

पुण्यात अडकलेला नागपूरकर

मी गाड्यांच्या बॉडीवर काम करतो म्हणून थोडं लोखंडाचं बोलतो. आधी एक खुलासा, झेड-४ चं धातूचं छत म्हणजे लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे, दोन तुकड्यांत घडी पडणारं.

डॉक्टरसाहेब, संत्रा बर्फीचा पुठ्ठ्याचा डबा घ्या. झाकण लावून दोन्ही टोकांनी पिळा. पिळला जात नाही. आता झाकण काढून पिळा. बर्फी खाली पडेल. मोटारीचं छत कापणं म्हणजे हेच. मग इंजिनियर काय करतो? दाराखालचे उंबरठे जाड करतो, समोरच्या काचेच्या खांबांत कडक पोलाद घालतो, सीटमागे आडवी भिंत देतो, तळाला तिरप्या पट्ट्या ठोकतो. म्हणून छत काढल्यावर गाडी हलकी होत नाही, जड होते. लोकांना हे उलटं वाटतं.

झेड-४ पहिल्यापासून उघडी म्हणूनच आखलेली आहे. ए-३ कॅब्रिओले बंद गाडीवरून काढलेली आहे. दोन्ही नीट केलेल्या आहेत, पण आपल्या सिमेंट रोडच्या जोडांवर फरक कळू शकतो. तपासायचं कसं? छत उघडा, ताशी ४० ने खराब रस्त्यावर चालवा आणि आतल्या आरशात पाहा. मागची गाडी थरथरताना दिसली तर बॉडी पिळली जाते आहे. मग एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून दार उघडा आणि लावा. दार नेहमीसारखं लागलं पाहिजे. घासलं, अडकलं तर पुढे बोलूच नका.

घडीच्या धातूच्या छताची एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. ही कल्पना रस्त्यावर आणणारा माणूस तुमच्याच धंद्यातला होता. फ्रान्समधला जॉर्ज पोलँ हा दातांचं काम करायचा, गाड्यांची चित्रं काढायचा. त्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिकीत मावणाऱ्या धातूच्या छताचं पेटंट घेतलं आणि १९३४ पासून प्यूजोने ते 'एक्लिप्स' नावाच्या गाड्यांवर आणलं. पुढे जर्मनांनी फ्रान्स घेतलं, हा गुप्तपणे त्यांच्याविरुद्ध काम करत राहिला, आणि १९४२ मध्ये त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. तुम्ही धातूच्या छताकडे ओढले जाता आहात त्यात नवल नाही.

पण काळ कुठे गेला तेही पाहा. १९९६ ला मर्सिडीजने एसएलकेवर ते छत आणलं आणि दहा-पंधरा वर्षं सगळे त्यामागे धावले. आता परत कापड. तुमच्या नंतरच्या पिढीची झेड-४ कापडी, सुमारे १० सेकंदांत उघडते, ताशी ५० पर्यंत चालू गाडीत. मर्सिडीजची नवी एसएलही कापडी. कारण वजन आणि डिकी. तुमच्या झेड-४ ची डिकी छत बंद असताना ३१० लिटर, उघडल्यावर १८०. छताला लागतात २० सेकंदांच्या आसपास. ए-३ ची ३२० वरून २७५ वर येते. म्हणजे कापडाची घडी डिकीतलं फार खात नाही.

उन्हाबद्दल एक. बीएमडब्ल्यूने २००७ च्या सुमाराच्या ३-सीरीज कन्व्हर्टिबलपासून सीटच्या कातड्याला उष्णता परतवणारा रंग द्यायला सुरुवात केली. कातडं २० अंशांपर्यंत कमी तापतं असा कंपनीचा दावा. तुम्ही पाहिलेल्या गाडीत ते आहे का विचारा. उघडी गाडी उन्हात सोडून परत बसणाऱ्या माणसाला अश्वशक्तीपेक्षा हे जास्त कामाचं. मांड्यांना विचारा.

हूडवाला, कामठी

डॉक्टरसाहेब नमस्कार. मी कामठीचा, हूड म्हणजे गाडीचं कापडी छत शिवणारा माणूस. माझे वडील लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपांचे हूड शिवत. मी १९८९ पासून मशीनवर बसून राहिलो. पयले जीपा, मंग ट्रकच्या ताडपत्र्या, आता वर्षाले चार-पाच इम्पोर्टेड गाड्या येतात. लिहायची सवय नाही, पोरीनं टाइप करून देली. चूकभूल माफ.

थारवाल्या भाऊले पयले सांगतो. जीपचं हूड अन् या गाडीचं छत, दोन्ही कापड, पण एक गोणपाट अन् एक पैठणी. जीपवर एकच थर राहते, रेक्झिन नाही तं ताडपत्री. गरमी सरळ खाली येते. या गाड्यांच्या कापडाले तीन थर राहतात. वरतं ॲक्रिलिकचं विणलेलं, रंग धाग्यातच मुरलेला, म्हणून उन्हानं लवकर उडत नाही. मधात ब्युटाइल रबर, पाणी अडवाले. खाली अस्तर. त्याच्याखाली अजून आवाज अन् गरमी अडवाची गादी राहते, मंग आतलं सीलिंग. मी एक जुनं छत कापून ठेवलं आहे दुकानात, कोणी आलं की त्याच्या हातात देतो. बोटात धरलं तं जाडजूड भाकरीवानी लागते. पाहून जा कधी.

म्हून तुमचा प्रश्न, नागपूरच्या उन्हात कापड टिकते का? टिकते. कापड मरत नाही, पयले दोरा मरते. नायलॉनचा दोरा असला तं ऊन त्याले खाते. टाका नखानं ओढून पाहाचा, पीठ झाला असन तं बोटाले लागते. पॉलिस्टरचा दोरा कितीतरी चांगला. माझ्याकडे दहातल्या सहा गाड्या कापड बदलाले येतात अन् निस्ती शिलाई करून जातात. मी तसंच सांगतो, नवीन छत विकलं तं पैसे जास्त भेटतात मले, पण मंग कामठीत तोंड कसं दाखवू?

आता खरं दुखणं ऐका. ना कापड ना धातू. पाणी.

छताले जे पाणी लागते ते सगळं बाहेर नाही पडत, थोडं मागच्या बाजूच्या पन्हाळीत उतरते अन् दोन बारक्या नळ्यांनी खाली जाते. त्या नळ्या करंगळीएवढ्या. एका साहेबाची जर्मन टू-सीटर आली होती, कंपनीचं नाव नाही सांगत. जुलै महिना. छत अर्ध्यात उभं राहिलं होतं, जसा कोंबडा पंख उघडून अडकला. वर्कशॉपनं मोठा आकडा सांगितला होता, मोटर, पंप, सगळं बदला म्हणे. मी सीटमागचं कोपऱ्याचं कापड उचललं तं आत काय? लिंबोळ्या. कडुनिंबाच्या काड्या. अन् चहाच्या चोथ्यावानी काळा गारा. काही गाड्यांत पंपाची मोटर त्याच खड्ड्यात राहते जिथून पाणी जाते. नळी बुजली, खड्डा भरला, मोटर बुडाली. गाडी रोज कडुनिंबाखाली उभी राहत होती, एवढंच कारण. साहेब म्हणे सावलीत लावत होतो, छत खराब होऊ नये म्हून!

तुमी गाडी पाहाले जाल तं लिटरभर पाणी घेऊन जा. छत अर्धं उघडून, पन्हाळीत दोन्हीकडे हळूहळू पाणी ओता अन् कोणाले तरी खाली वाकून पाहाले सांगा. मागच्या चाकाजवळ जमिनीवर पाणी पडलं पाहिजे, दोन्ही बाजूनं सारखं. एका बाजूनं पडलं अन् दुसऱ्या बाजूनं नाही, तं सीटमागची मॅट दाबून पाहा, वास घ्या. विकणारा म्हणन एसीचं पाणी आहे. एसीचं पाणी मागं नाही येत.

नळी साफ करताना तार घालू नका. तारेनं नळी आतून निसटते, मंग पाणी गाडीच्या पोटात. गवत कापाच्या मशीनची जाड नायलॉन दोरी राहते ना, ती घाला, टोक जाळून गोल करून.

धातूच्या छताचं सांगतो. गरमी कापडापेक्षा कमी येईन हे मनातून काढा, बंद गाडी उन्हात उभी राहिली तं सगळ्याच भट्ट्या. दिसाले मात्र पक्कं, कोणी ब्लेड मारत नाही, रात्री झोप लागते. पण जोड जास्त, म्हून रबर जास्त, अन् नागपूरचं ऊन रबरले सोडत नाही. रबर वाळलं की चिरते, छत बंद करताना करकर आवाज येते, पाणी नंतर येते. दर दोन महिन्यांनी रबरले सिलिकॉनचं ग्रीस बोटानं लावाचं, पातळ. खोबरेल तेल लावू नका. आमच्या इकडे लोकं सगळ्याले खोबरेल लावतात, रबर फुगून जाते त्यानं. डिकीत मधात जो पडदा राहते तो जागेवर लावल्याशिवाय छत हलत नाही, तं घाबरू नका, ते बिघाड नाही.

कापडाचं घेतलं तं ओलं असताना घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते. धुवाच्या दुकानात प्रेशरचा पाइप जवळून मारू देऊ नका. पाखरानं घाण केली तं वाळू द्यायची नाही, ओल्या फडक्यानं लगेच उचलाची.

मले विचारान तं नागपूरले कापड. खराब झालं तं शिवता येते. धातूचं छत अडलं तं माझ्यासारख्याच्या हाती काही नाही, कॉम्प्युटर लावाले लागते. पण मी हूडवाला आहो, मी कापडच म्हणीन, तुमी हिशोबात तेवढं वजा करून घ्या.

तर्री जास्त टाका

काका, तुमच्या पोस्टला नमस्कार. थार मागे घेतो. सावजी तेवढं राहू द्या.

दातांचा डॉक्टर, धरमपेठ

उशिरा लिहितो आहे, रविवारी परतलो. सगळ्यांचे आभार. हूडवाले काका, तुमचे विशेष. पोलँबद्दल वाचून दवाखान्यात असिस्टंटला सांगितलं, तिने विचारलं, "सर, तुम्हीपण दवाखाना बंद करणार का?"

पुण्याची ए-३ पाहिली. छत स्वच्छ, टाके नखाने ओढून पाहिले, बोटाला काही लागलं नाही. छत उघडायला लागणारे सेकंद मोजले, बरोबर १८. चालवायला शहाणी गाडी. मागे मुलगी बसू शकेल, डिकीत सामान जाईल, सगळं कसं समंजस. आरसा किंचित थरथरला, फार नाही. पैसे वाचत होते. मी मनातून होकार दिलाच होता.

मग मुंबईला गेलो, फक्त खात्री करायला. घरच्या सोबत होत्या, त्यांच्या मते माझ्यावर लक्ष ठेवायला. झेड-४ च्या पन्हाळीत मी पाणी ओतलं, विकणारा माझ्याकडे वेडा समजून पाहत होता. त्या स्वतः साडी सावरून खाली वाकल्या आणि ओरडल्या, "इकडून आलं! तिकडूनही आलं!" दोन्हीकडून सारखं. फुटपाथवर चाक चढवलं, दार नेहमीसारखं लागलं. आरसा स्थिर. मांड्यांचाही प्रयोग केला. गाडी दीड तास उन्हात ठेवून बसलो. चटका बसला, पण उठावं लागलं नाही.

अडचण डिकीची. छत उघडून आमची नेहमीची बॅग आत ठेवायला गेलो तर जाईना. उभी नाही, आडवी नाही. मी म्हटलं, चला, ए-३ च बरी. त्या म्हणाल्या, "एकदा मी चालवून पाहते."

त्या वॅगन आर चालवतात. तीही हिंगण्याच्या शाळेपर्यंत. सीट पुढे ओढली, उशी मागितली, ती नव्हती तर माझं जॅकेट पाठीमागे घेतलं. फ्रीवेवर चढल्यावर चौथ्या मिनिटाला त्यांनी ओढणीसारखा पदर मानेभोवती गुंडाळला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जरा गप्प बसा हो, आवाज ऐकू द्या." मी काही बोललोच नव्हतो. खाली उतरल्यावर बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बॅग छोटी घेऊ."

तर झेड-४. २५ लाख ४० हजारांत ठरली. शनिवारी समृद्धी महामार्गाने आणतो आहोत. ७०१ किलोमीटरपैकी मला किती मिळतील माहीत नाही, पण १२० च्या वर जाणार नाही असं त्यांनीच बजावलं आहे. छत पहाटे आणि संध्याकाळीच उघडणार. टायर रनफ्लॅट आहेत, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, डिकीत स्टेपनी नाही, म्हणून निघण्याआधी हवा आणि टायरचं वय दोन्ही बघून घेणार. सिमेंटवर तापलेल्या जुन्या टायरशी खेळ नको.

हूडवाले काका, तुमचं न ऐकता धातूचं घेतलं, राग मानू नका.

हूडवाला, कामठी

राग कायचा साहेब. वहिनीसाहेबांनी पसंत केली म्हणजे झालं. रबरचं तेवढं पाहा, ग्रीस मी देतो, विकत घेऊ नका. घरासमोर कडुनिंब तं नाही ना?

दातांचा डॉक्टर, धरमपेठ

कडुनिंब नाही. गुलमोहर आहे. अगदी फाटकावर.

हूडवाला, कामठी

अरे देवा. त्याचं पान तं बडीशेपेवानी बारीक. दर महिन्याच्या पयल्या रविवारी या, दोरी घेऊन बसतो.